बाबांच्या बीटलचे स्टड

६ ऑक्टोबर, रविवार
बाबांची जुनी बीटल गाडी विकायची ठरवली. बाबांना सांगितलं. "बरां," एवढंच म्हणाले.

जूनमध्ये ते पेडण्याच्या बाजारातून निघाले आणि तीन तासांनी मोपाच्या सड्यावर, उघड्या माळावर सापडले. गाडीतच. पाऊस, काचा बंद. "रस्तो चुकलंय गो." चाळीस वर्षांचा रस्ता! डॉक्टर म्हणाले, वयाचं विसरणं. मी चावी काढून घेतली.

पण गाडी फटफट आवाज करते. अशी कोण घेईल?

८ ऑक्टोबर
डिचोलीच्या कारखान्यातून आले ती थेट गाडीखाली. इंजिन मागे, वाऱ्यावर थंड होणारं. सायलेन्सरचा पाइप इंजिनच्या हेडमध्ये रोवलेल्या स्टडवर, दर बाजूला दोन नटांनी धरलेला असतो. डावीकडे एक नट नाहीच! दुसरा गंजून स्टडला चिकटलाय. भोवती काजळी. तेल मारून ठेवलं.

९ ऑक्टोबर
सुदेशला दाखवलं. माझ्याच खात्यातला फिटर. काजळीवर बोट फिरवून म्हणाला, "बाये, हो धूर भायर जायना. गाडीत येता. काचा बंद केल्यार माणूस आपलां नावसुद्धा विसरतलो."

मी हातातला पाना खाली ठेवला.

जून. पाऊस. काचा बंद.

१० ऑक्टोबर
चावी काढून घेतल्यापासून बाबा एकदाही चुकले नाहीत. की घराबाहेर पडलेच नाहीत म्हणून? ते मी मोजत बसले नाही.

११ ऑक्टोबर
उजवीकडचे दोन्ही नट सुटले. डावीकडचा फिरला — आणि स्टडच तुटला! तुकडा हेडमध्ये, जेमतेम टोक बाहेर. सुदेशने त्यावर नवा नट वेल्ड केला, गरम असतानाच पाना लावला. "जोर करू नको, अॅल्युमिनियम आसा. आटे गेले तर हेड गेलां." पाव फेरा पुढे, पाव मागे. तुकडा किंचाळत निघाला. अर्धा तास लागला.

१२ ऑक्टोबर, दसरा
नवे स्टड, तांब्याचे नट, नवी गॅस्केट. सुरू केली. फटफट नाही! झेंडूची माळ घातली.

मग बाबांना सगळं सांगितलं. ते पायरीवर बसून ऐकत होते.

"म्हणजे माका काय झाला नाय?"

"नाही," म्हटलं. लगेच. विचार न करता.

बराच वेळ हसत होते. जेवताना दोनदा भात मागून घेतला. गाडीची चौकशी केलेल्या गिऱ्हाइकाला मी फोन केला — गाडी विकायची नाही.

१३ ऑक्टोबर
मोरजीला गेलो. मीच चालवली, चारी काचा उघड्या. पुढच्या रविवारी स्वतः चालवणार म्हणाले. वाटेतलं एकेक घर कोणाचं ते सांगत होते. एकही चुकलं नाही.

परत आलो. मी इंजिन बंद केलं. बाबा उतरले नाहीत. आमच्या तुळशीकडे बघत हळूच विचारलं, "हंय कोणाच्या घराक इलो आपण?"