आईचे गुडघे

अगुनी, ३ नोव्हेंबर २०२४

ती. यमनामावशीस,
रकियाचे अनेक सलाम. वि. वि.

फोनवर बोलावं तर आई कान देऊन बसते, म्हणून हे पत्र. भूकंपाला वर्ष उलटलं, नवं घर उभं राहिलं, पण आई अजून तंबूतच निजते. तिच्यापायी मीही. बर्फ पडायला लागला की इथे राहणं कठीण आहे. मशिदीतल्या फकीहचा ताईत बांधून झाला. चार महिने थांबल्यावर मराकेशच्या मनाच्या डॉक्टरीणबाईंची तारीख मिळाली. त्यांना आपली बोली येत नाही, आईला अरबी येत नाही, म्हणून दुभाषी मी. बाई विचारतात, त्या रात्री काय झालं? आई माझ्याकडे बघते आणि म्हणते, सांग त्यांना, गुडघे दुखतात. दोन खेपा गुडघ्यांतच गेल्या. तिसऱ्यांदाही, या २१ तारखेला, तेच झालं तर बाई हाडांच्या दवाखान्यात पाठवणार आहेत. माझ्या पाठच्या छोट्या हमूचं नाव तर तो त्या रात्री गेल्यापासून आईनं एकदाही घेतलेलं नाही. मी काय करू?

लोभ आहेच, तो डोंगर चढून येत राहो.
तुझी रकिया

कासाब्लांका, ११ नोव्हेंबर

चि. रकियास,
अनेक आशीर्वाद.

एवढी शिकलीस, पण अक्कल गहाण टाकलीस का गं? कुठली आई पोटच्या पोरीच्या तोंडून आपलं दुःख परक्याला सांगेल? २१ तारखेला मी येते. मालकीणबाई कुरकुरल्या, त्यांना म्हटलं, चार दिवस स्वतः भाजी चिरा. तीस वर्षं लोकांच्या चुलीपुढे काढून शिकलेली अरबी बहिणीच्या कामी नको यायला? तू दाराबाहेर बसायचं. तुझ्या आईला सांग, फादमा, लोणी काढून ठेव, जवाची भाकर मला तिच्याच हातची हवी.

लोभ करतेस तसाच कर, वाद कमी घाल.
तुझी मावशी

कासाब्लांका, २७ नोव्हेंबर

चि. रकियास,
आशीर्वाद.

सुखरूप पोचले. फादमा त्या दिवशी तासभर बोलली, हे तू दाराबाहेरून पाहिलंसच. काय बोलली ते विचारू नकोस, तिनं मला शपथ घातली आहे. बाईंनी गोळ्या दिल्यात, त्या चुकवू देऊ नकोस. १९ डिसेंबरची तारीख आहे. तिला एकच भीती आहे, तुला ते कळलं तर तू तिचं तोंड पाहणार नाहीस. मी तिला वेडी म्हटलं आणि दोघी मिळून रडलो.

आईला जप. स्वतःलाही.
तुझी मावशी

अगुनी, ५ डिसेंबर

ती. मावशीस,
सलाम. वि. वि.

काल बर्फ पडला. आई घराच्या उंबऱ्यापर्यंत आली आणि परत फिरली.

मावशी, तुझी शपथ मोडू नकोस. त्या रात्री मातीखाली मी शुद्धीवर होते. आईच्या एका हातात माझा हात होता, दुसऱ्यात हमूचा. दोघांना ओढणं तिला जमत नव्हतं. शेवटी तिनं त्याचा हात सोडला आणि दोन्ही हातांनी मला धरलं. हमू तिला हाका मारत होता, त्या मीही ऐकल्या. मला हे ठाऊक आहे असं कळलं तर ती खचेल, म्हणून वर्षभर मी गप्प राहिले. तिच्यावर माझा राग कधीच नव्हता. मी जिवंत आहे याचीच मला लाज वाटते.

१९ तारखेला मी दाराबाहेर बसणार नाही. बाईंशी माझं मी बोलेन. पण तू ये. आईशी आपल्याच बोलीत बोलायचं आहे, तरी मध्ये तू हवीस.

तुझ्या लोभावरच विसंबलेली,
रकिया