‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’: पुढचे सगळे भाग

५ नोव्हेंबर १९७३, सोमवार
आजपासून रोजनिशी. संकल्प तीन. एक, ऑफिसात दहाच्या ठोक्याला हजर. दोन, तंबाखू बंद. तीन, घडेल तेवढंच लिहायचं, पदरचं काही घालायचं नाही. वही ऑफिसच्या जावक रजिस्टरची आहे. मागची पानं कोरी होती, उगाच वाया गेली असती.

परवा शनिवारी पुण्याला साडूंकडे टेलिव्हिजन पाहिला. पुण्यात तो दिसायला लागून महिनाच झालाय. खोलीत चोवीस माणसं. ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’ नावाची मालिका लागली. एका ऑफिसची गंमत. साहेब केबिनचं दार लावून झोपतात आणि टिपरे नावाचा कारकून बाहेर येणाऱ्याजाणाऱ्याला थापा मारत बसतो. मला पडदा निम्माच दिसला, कारण पुढे शेजारच्या काकू बसल्या होत्या. पण जेवढा दिसला तेवढा पूर्ण समजला.

आज आमच्या भैरवनाथ बियाणे संघाच्या पारनेर ऑफिसात चहाच्या वेळी तो भाग सांगितला. वीस मिनिटांचा होता, सांगायला सव्वा तास लागला. गोदाम सांभाळणारा नबीलाल हसता हसता ठसकला. गहिनीनाथ, म्हणजे आमचा टेंपरवारी क्लार्क (चार वर्षं टेंपरवारीच आहे), स्वतःची खुर्ची मला देऊन उभा राहिला. अकरा वर्षांच्या नोकरीत माझं बोलणं मध्येच न तोडता कुणी पुरतं ऐकलं, ही पहिलीच वेळ.

१२ नोव्हेंबर, सोमवार
पावणेअकराला पोचलो. सायकलची हवा. गहिनीनाथने दारातच विचारलं, भाऊसाहेब, परवाच्या भागात काय झालं. मी पुण्याला गेलोच नव्हतो. तसं सांगणारही होतो. पण त्याने बायकोकडून माझ्यासाठी मुद्दाम कांदाभजी करून आणली होती. गरम होती. माणसाचं मन मोडू नये.

सांगितला भाग. याला पदरचं म्हणता येणार नाही. ज्याला ऑफिस कळतं त्याला पहिल्या भागावरून दुसरा काढता येतो. काढला.

१७ नोव्हेंबर, शनिवार
एक किरकोळ अडचण. ऑफिसची समजूत अशी, की शनिवारी अर्धा दिवस भरला की मी दोनच्या गाडीने पुण्याला जातो. त्यामुळे आता गावात दिसता येत नाही. दुपारपासून मागच्या खोलीत आहे. बायको म्हणाली, कुणाला तोंड चुकवून बसलाय? मी म्हणालो, चिंतन करतोय. चिंतन करताना हात मोकळेच असतात, असं म्हणून तिने बाजरी निवडायला दिली.

१८ नोव्हेंबर, रविवार
पहाटे शेताशेतातून चालत पुणे रस्त्यावरच्या सुप्याला गेलो. तीन तास. तिथून पारनेरची एस.टी. धरली आणि सगळ्यांदेखत स्टँडवर उतरलो. हातात पिशवी होती. चेहऱ्यावर पुण्याहून आल्याचा शीण होता. तो खराच होता, फक्त पुण्याचा नव्हता.
व्यायामही झाला. हे दर आठवड्याला करायचं.

३ डिसेंबर, सोमवार
आज मोठी गोष्ट. आमचे मॅनेजर म्हसेसाहेब केबिनचं दार किलकिलं करून ऐकत होते. नंतर खुर्ची घेऊन बाहेरच आले. साहेब चष्मा डोक्यावर सरकवून तोच चष्मा टेबलभर शोधतो, तो प्रसंग मी सांगत होतो. म्हसेसाहेबांनी मांडीवर थाप मारली. म्हणाले, अगदी असाच एक साहेब आम्हाला कोल्हारला होता. त्यांचा चष्मा त्या वेळी डोक्यावरच होता. कुणीही वर पाहिलं नाही.

आता चहा अकराला सुरू होतो आणि एकला संपतो. बियाण्याला आलेले लोकही बसून ऐकतात.

१० डिसेंबर, सोमवार
सूक्ष्म निरीक्षण: मालिकेत गोदामातल्या पोत्यांवर झोपणारा माणूस घातला, तर नबीलाल गहिनीनाथकडे बघून हसला. एकाच आजीच्या तेराव्याला तीनदा रजा घेणारा घातला, तर गहिनीनाथ नबीलालकडे बघून हसला. कुणालाच त्यात आपण स्वतः दिसत नाही. लेखनातलं मोठं तत्त्व सापडलं आहे. नीट लिहून ठेवायला हवं.

एक तक्रार मात्र आहे. मी मालिकेत मोहिते नावाचा एक हुशार, सरळ, उंच कारकून घातलाय. कामात वाघ. त्याच्याबद्दल कुणी विचारत नाही. सगळ्यांना टिपरे पाहिजे. थापाडा, घाबरट, उशिरा येणारा. गंमत म्हणजे टिपरेचं सगळं मला न थांबता सुचतं आणि मोहितेचं काही केल्या सुचत नाही. बायकोला हे सांगितलं, तर ती तोंडाला पदर लावून आत गेली.

तंबाखू: फक्त जेवणानंतर.

१८ डिसेंबर, मंगळवार
मेव्हणीचं पत्र आलं. साडूंचा टेलिव्हिजन मी येऊन गेल्यावर आठवड्याभरातच बंद पडला. ते आता शेजाऱ्यांकडे बघायला जातात. ती ऑफिसची मालिका चार भागांतच संपली म्हणे. आता तिथे कसली तरी नाट्यगीतं लागतात.
म्हणजे ती मालिका आता पूर्णपणे माझ्याकडे आहे. जबाबदारी वाढली.

२४ डिसेंबर, सोमवार
आजचा भाग सर्वोत्तम. मालिकेतला टेंपरवारी क्लार्क स्वतःला कायम केल्याची ऑर्डर स्वतःच टाइप करतो आणि बिलांच्या गठ्ठ्यात मध्येच सरकवून देतो. साहेब न वाचता सह्या करत सुटतो. सही होते. क्लार्क कायम. ऑफिसात सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गहिनीनाथने नाही वाजवल्या. तो विचारात पडलेला दिसला. त्याने मला बाजूला घेऊन विचारलं, साहेब खरंच एकही कागद वाचत नाही का. मी म्हणालो, वरचे दोन आणि शेवटचा, मधले कधीच नाही. कलेबद्दल एवढं कुतूहल हल्ली तरुणांत राहिलेलं नाही. बरं वाटलं.

२ जानेवारी १९७४, बुधवार
नवीन वर्षाचे संकल्प करायला बसलो होतो, पण आज भलतंच झालं.

गहिनीनाथने काल गठ्ठ्यात ऑर्डर सरकवली. मधोमध. ‘श्री. गहिनीनाथ पवार यांना आजपासून सेवेत कायम करण्यात येत आहे.’ आणि म्हसेसाहेबांनी वाचली. दहा वर्षांत मधला कागद वाचल्याचं मला ठाऊक नाही. पण माझा तो भाग ऐकल्यापासून ते सगळं वाचायला लागलेत. मलाच म्हणाले, त्या टीव्हीतल्या साहेबासारखं गाफील राहून चालत नाही, ठुबे. म्हणजे प्रबोधनही झालं. तेवढं जरा आधी कळायला हवं होतं.

गहिनीनाथला नोटीस. सात दिवसांत खुलासा, नाहीतर घरी.

३ जानेवारी, गुरुवार
माझी काहीही चूक नाही. कारणं:
मी ‘करा’ असं म्हटलेलं नाही.
टेलिव्हिजनवर दाखवलेलं कुणी करत असेल, तर तो टेलिव्हिजनचा दोष.
टेलिव्हिजनवर ते दाखवलेलं नाही, पण हे कुणाला माहीत नाही.

तिसरं कारण लिहिल्यावर बरं वाटायच्या ऐवजी जास्तच कसंतरी झालं. गहिनीनाथ दिवसभर मान खाली घालून जुन्या फायली लावत होता. त्याने माझं नाव कुणापुढे घेतलं नाही. चहाला कुणी बसलं नाही.

बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, उद्या जाऊन साहेबांना खरं काय ते सांगून या. मी म्हणालो, सोमवारी. शुक्रवार हा निर्णयासाठी चांगला वार नाही.

५ जानेवारी, शनिवार
दुपारी मागच्या खोलीत. सवयीने. सव्वातीनला मागच्या दारावर थाप. नबीलाल. सरळ आत आला आणि माझ्या समोर, बाजरीच्या सुपाच्या पलीकडे बसला. मला इथे बघून त्याला नवल वाटलं नाही, याचं मला नवल वाटलं.

“भाऊसाहेब, सुप्याच्या गाडीवरचा कंडक्टर माझा मेव्हना हाय,” तो म्हणाला. “तुमी रविवारी सुप्याला चढता, हे त्यानं पयल्याच आठवड्यात सांगितलं.”

मी बाजरीतला एक खडा काढला. मग दुसरा. विचारलं, आणखी कुणाला माहीत आहे. तो म्हणाला, साहेब सोडून समद्यांना. मग ऐकत कशाला होता, असं मी विचारलं. तो म्हणाला, चांगलं हुतं म्हनून.
आणि गहिनीनाथला? त्यालाही पहिल्यापासून ठाऊक होतं. मी म्हणालो, मग टीव्हीत नाही हे माहीत असून त्याने तो उद्योग केलाच कसा?

नबीलालने सुपातला एक खडा मला काढून दिला.
“टीव्हीचं त्यो कशाला धरंल? त्यो म्हनला, भाऊसाहेब अकरा वर्षं हितं हायेत. त्ये म्हनले साहेब मधला कागद वाचत न्हाई, म्हंजी न्हाई वाचत.”

तो गेला. बाजरी दोनदा निवडली. तंबाखू खाल्ली, किती ते लिहीत नाही.

७ जानेवारी, सोमवार
दहाच्या ठोक्याला हजर. पहिल्यांदा. ऑफिस उघडलं नव्हतं.

साहेबांपुढे बोलण्यासाठी तीन भागांत भाषण तयार केलं होतं. प्रस्तावना, परिस्थिती, निवेदन. केबिनमध्ये गेलो आणि एका वाक्यात सगळं सांगून टाकलं. मालिका नोव्हेंबरातच बंद झालीय, पुढचं सगळं मी रचलं, तो कायम होण्याचा प्रकारही माझ्याच डोक्यातला, गहिनीनाथला नोटीस देऊ नका.

म्हसेसाहेबांनी आधी केबिनचं दार लावून घेतलं. मग हळूच म्हणाले, नगरला हेड ऑफिसच्या मीटिंगमध्ये ते दोनदा माझे भाग सांगून आले होते. आपण स्वतः पाहिल्याचं सांगून. चेअरमन खूप हसले होते.

“तो दार लावून झोपणारा साहेब,” ते म्हणाले.
“तो पहिल्या भागात खरा होता, साहेब.”
“आणि नंतरचा?”
मी पंख्याकडे बघितलं. तो बंद होता. म्हणालो, “नंतरचा अंदाजाने.”
“चष्मा शोधणारा?”

मी परत पंख्याकडे बघितलं. साहेबांनी हात वर नेला, डोक्यावरचा चष्मा काढला, त्याच्याकडे बघितलं आणि ड्रॉवरमध्ये ठेवून ड्रॉवर लावला. मग विनाचष्म्याचेच माझ्याकडे बघत राहिले. मला जा म्हणाले की थांब, ते कळलं नाही. मी गेलो.

मन हलकं झालं. खरं बोलणाऱ्याची साहेबाच्या मनात किंमत वाढते, हे मी अकरा वर्षांत पाहिलेलं आहे. कुठे ते आत्ता आठवत नाही. बहुतेक बढती होईल.

१० जानेवारी, गुरुवार
गहिनीनाथची नोटीस मागे. वरिष्ठाने चिथावल्याचं कारण कागदावर आहे. वरिष्ठ म्हणजे मी. पद कधी नव्हे ते अधिकृत झालं.

माझी जामखेडच्या गोदामावर बदली. सोमवारपासून आठवड्याभरात रुजू.

साहेबांना मी लागणार, तिकडची घडी बसवायला. नाहीतर एवढ्या लांब कोण पाठवतं.

१९ जानेवारी, शनिवार
निघालो. बायको मागाहून येईल. ती म्हणाली, आधी तिथे पाणी येतं का बघून कळवा.

स्टँडवर नबीलाल आणि गहिनीनाथ आले होते. गहिनीनाथ कायम झाला. माझीच जागा रिकामी झाल्यामुळे, माझ्याच टेबलावर. सांगताना तो अवघडला होता. मला वाटलं त्याचं अभिनंदन करताना चेहरा हसरा ठेवावा. ठेवला. तो वाकून पाया पडला, तेव्हा ठेवता आला नाही. त्याने भज्यांची पुडी दिली. ती मी मिरजगावपर्यंत उघडली नाही.

२१ जानेवारी, सोमवार, जामखेड
गोदामात बियाण्यांची पोती. ऑफिस म्हणजे पोत्यांतली मोकळी जागा आणि एक टेबल. कर्मचारी मी आणि वॉचमन गोरक्षनाथ. वय साठीच्या आसपास, बोलणं कमी. शिस्तीला वाव आहे. संकल्प: दहाला हजर. (राहायलाही गोदामातच आहे.) तंबाखू बंद. मालिका कायमची बंद.

२८ जानेवारी, सोमवार, सकाळ
नबीलालचं कार्ड आलं. सगळे खुशाल. सोमवारी आता गहिनीनाथ सांगतो म्हणे. पंधरा मिनिटांत आटोपतं आणि कामं वेळेवर होतात. साहेबसुद्धा ऐकतात, कारण त्यात साहेब फार हुशार आहे. मी कार्ड उलटून मागे काही लिहिलंय का ते बघितलं. मागे माझाच पत्ता होता.

गहिनीनाथ बरा सांगत असेल. पण पंधरा मिनिटांत काय होणार. मूळ खोली त्याला जमणार नाही. नुसता सराव राहावा म्हणून, एकदाच, आज गोरक्षनाथला सांगून बघावं.

तोच दिवस, साडेपाच
पहिल्या भागापासून सांगितलं. साहेब, टिपरे, मोहिते, चष्मा, ऑर्डर, सगळं. अकराला सुरू केलं, चारला संपवलं. आवाज बसला. गोरक्षनाथ एकदाही उठला नाही, एकदाही मध्ये बोलला नाही. असा श्रोता पारनेरात नव्हता. शेवटी मी विचारलं, कसं वाटलं.

तो जरा खाकरला. “चांगलं हाय, साहेब,” तो म्हणाला. “पन टीव्ही म्हंजी काय वो?”

लाकडी खोक्यात माणसं कशी दिसतात ते समजावलं. अर्धा तास. त्याने मान हलवली आणि विचारलं, मग त्या मान्सांनी बियानं नेलं का न्हाई.

बहुतेक उद्या परत पहिल्यापासून सांगावं लागेल. त्याला तसं म्हणालो.
तो म्हणाला, उद्या मी रजेवर हाय.