पानकिड्याचा दगड आणि रनाळ्याचे घर

मी, प्रमिलाबाई मोतीलाल पाटील, वय अडुसष्ट, राहणार रनाळे, ता. जि. नंदुरबार, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि स्वखुशीने करीत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण माझा मुलगा भूपेंद्र गावभर सांगतो, "मायनं डोकं फिरी गयं. पानले किडा म्हनस ती."

१. आमची विहीर खोदताना माझ्या यजमानांना एक दगड सापडला. त्यावर शिरांसकट पान उमटले होते. मी ओल्या पदराने पुसले, तर पानाखालून बारीक पाय दिसले. कॉलेजच्या प्राध्यापकांनी सांगितले, हा पानासारखा दिसून लपणारा किडा; माणसाच्या फार आधीचा, ही जात आता जगात कुठेच नाही. यजमान शेवटी अंथरुणाला खिळले तेव्हा एवढेच म्हणाले, "हाई इकानं नही." विकायचा नाही, म्हणून तो दगड विद्यापीठाच्या संग्रहालयास द्यावा.

२. गेल्या आठवड्यात भर दुपारी भूपेंद्र सुरतेच्या एका व्यापाऱ्याला घेऊन आला. दगड विकायचे त्यांचे आधीच ठरले होते. मी कोठीच्या दारात उभी राहिले, तर पोटच्या पोराने ढकलले. उजवे मनगट मोडले. भूपेंद्र आत डबे उलथत होता. दगड मात्र माझी सून भाविका हिने आधीच चाऱ्याच्या टोपलीत दडवला होता. ती टोपली घेऊन निघाली, तोच व्यापारी अंगणात आडवा आला. टोपलीकडे बघतच राहिला. ती म्हणाली, "सरका ना भाऊ, म्हैस वरडी ऱ्हायनी."

तो सरकला.

दगड सध्या कुठे आहे ते खालील दोन्ही साक्षीदारांना ठाऊक आहे. पोहोचवण्याचे काम त्यांचे.

३. शेत भूपेंद्रला. मुलगा आहे, ते काही पुसता येत नाही. म्हैस व माझ्या पाटल्या भाविकाला.

४. त्या दिवसापासून भूपेंद्र भाविकाला म्हणतो, "निंघ मन्हा घरमाईन." हे घर त्याचे नाही. यजमानांनी ते माझ्या नावे केले आहे, आणि माझ्यामागे ते एकट्या भाविकाचे. भूपेंद्रने हवे तेव्हा यावे. दार उघडायचे की नाही, ते भाविका ठरवील.

मला सही येते. हात प्लास्टरमध्ये असल्याने डावा अंगठा दिला आहे.

प्रमिलाबाई मोतीलाल पाटील (डावा अंगठा)

आमच्यासमक्ष अंगठा दिला:
१. शांतीलाल भीकमचंद जैन, दुकानदार
२. वीरसिंग गुलाब वळवी, शेजारचे शेतकरी

रनाळे, १८ नोव्हेंबर २०२५