छतात लपवलेले दिवे

बाबा, आज माझ्या अकोल्याच्या घरातले छतातले दिवे काढून टाकले. तुम्ही ते पाहिले नाहीत, हे घर तुमच्या पश्चात झालं. मुलानं हौसेनं बैठकीत खोटं छत करून घेतलं आणि त्यात गोल भोकं पाडून दिवे आत बसवले. दिसायला झकास, पण वाचायला बसलं की माझ्याच डोक्याची सावली नेमकी अक्षरांवर. शेवटी मीच इलेक्ट्रिशियनला बोलावलं. तो शिडीच्या घोडीवर चढला, एकेक दिवा खाली ओढला, तारा सोडवल्या, पुढे सरकला. माझा चहा अजून कोमट होता आणि सगळे दिवे खाली जुन्या चादरीवर येऊन पडले होते. मी सहज विचारलं, "फळ्यांच्या छतातले जुने दिवे असते तर फार वेळ लागला असता, नाही का?" तो म्हणाला, "नाई काकू, ते तं याच्याहून सोपं. स्क्रू ढिले केले का दिवा हातात. काहून, कुठं काढायचे हायेत का?" कुठे नाहीत म्हटलं, आणि आत जाऊन एकटीच हसत बसले. सून घाबरून बघायला आली.

आपली अमरावतीची बैठक अजून जशीच्या तशी डोळ्यांपुढे आहे. वर टिनाचे पत्रे, टिनाखाली सागाच्या फळ्यांचं छत, भिंतीला तुमची कायद्याची जाडजूड पुस्तकं. तुम्ही एका खटल्यासाठी नागपूरला गेलात, तिथल्या हॉटेलात छतात लपवलेले दिवे पाहून आलात आणि तुम्हाला वेडच लागलं. फळ्यांना भोकं पाडली, पत्र्याचे डबे आत बसवले, डब्यांत बल्ब. गल्लीतली माणसं काहीतरी निमित्त काढून बघायला येत. आई गेल्यावर तिवस्याहून येऊन आपलं घर सांभाळणारी आत्या मात्र म्हणाली, "दिवा हाये तं दिसू दे ना. चोरावानी कायले लपवून राहिला?" मोठ्या बहिणीचं तुम्ही सगळं ऐकायचात, दिव्यांचं तेवढं ऐकलं नाहीत.

मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. मला वनस्पतिशास्त्र शिकायचं होतं, शेवटपर्यंत. आणि आत्याची अट होती की स्थळ जमलं त्या दिवशी कॉलेज बंद. तिनं आपल्यासाठी इतकं केलेलं, तिला नाही कुठल्या तोंडानं म्हणणार? तुम्ही मान डोलावली, आणि मला तुमचा भयंकर राग आला. पहिली मंडळी अकोल्याहून आली, ती दिवेलागणीला. मला मधोमध बसवलंय, उजेड थेट डोक्यावरून पडतोय, डोळ्यांच्या खोबणी काळ्या, गाल आत गेलेले, नाकाची सावली ओठांवर. निरोप आला, मुलगी आजारी वाटते. मी! सायकलवरून अख्खं गाव पालथं घालणारी. मग बडनेऱ्याचे रेल्वेतले आले, त्यांनी तर जाता जाता डॉक्टरचं नाव सुचवलं. आत्याच्या लगेच लक्षात आलं. "पोरीत खोट नाई रे, तुह्या दिव्यायत खोट हाये. उद्याच्या उद्या काढ ते."

तुम्ही वकील. तारीख घेणं तुमच्या हातचा मळ. उन्हाळा होता, तर म्हणालात, तापलेल्या टिनाखाली कोण चढेल? पावसाळा आला, तर फळ्या ओल्या आहेत, शॉक बसायचा. दसरा-दिवाळीत वायरमन गावाला गेलेला, थंडीत त्याच्या घरी लग्न, आणि मग पुन्हा उन्हाळा. मध्येच म्हणालात की हे फार नाजूक काम आहे, सगळं छत उचकटावं लागेल. तोवर स्थळं येत राहिली आणि 'मुलगी अशक्त आहे' म्हणत जात राहिली. एकदा आत्या स्वयंपाकघरात रडत म्हणाली, "लोक म्हनतात, बिनमायची पोर, बापाले तिची फिकीर नाई." तुम्ही दारात होतात. चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत घातला आणि कोर्टात गेलात. मला वाटलं, खरंच फिकीर नाही. त्याच संध्याकाळी मी तुमच्यावर ओरडले, "तुमच्या दिव्यांपायी लोक मला रोगट म्हणतात!" तुम्ही पुस्तकातून मान वर न करता म्हणालात, "आजारी माणसानं उगाच हिंडू नये. एका जागी बसून अभ्यास करावा." किती चिडले होते मी.

अभ्यास मात्र केला. बी.एस्सी. झाले, मग एम.एस्सी.ला नागपूरला गेले. पहिल्या सुट्टीत घरी आले तर बैठकीत वर भोकांच्या जागी फळ्यांचे नवे गोल तुकडे, आणि मधोमध साधा लोंबता बल्ब. आत्या म्हणाली, "तू गेली अन् तुहा बाप सोताच टेबलावर चढला. चहा थंडा व्हायच्या आत सगळे दिवे खाली." तेव्हा मी नागपूरच्या गप्पा सांगण्यात दंग होते, ऐकून सोडून दिलं. तुम्ही शेजारी बसून भुईमुगाच्या शेंगा सोलत होतात. आज त्या माणसाला घोडीवरून उतरताना पाहिलं आणि ते वाक्य इतक्या वर्षांनी कानात पडलं. बाबा, मी जन्मभर मुलींना शिकवलं, माझ्या पायांवर उभी राहिले, लग्नही केलं ते माझ्या मर्जीनं. हे सगळं तुम्ही घेतलेल्या तारखांवर उभं आहे. बहिणीला दुखवलं नाहीत, मला कुणाला अडवू दिलं नाहीत, आणि निष्काळजी बाप हा शिक्का निमूट लावून घेतलात. तुम्हाला नमस्कार करावासा वाटतोय, आणि करायला समोर तुमचे पाय नाहीत.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकणार? कपाटात साड्यांखाली ठेवीन. पण एक गोष्ट तुम्हालाही ठाऊक नसावी. तुमच्यावर ओरडले त्या संध्याकाळनंतर मी शहाणी झाले होते. मंडळी यायच्या आधी आत्या माझी खुर्ची खिडकीकडे, जरा बऱ्या उजेडात ठेवायची. ती चहाला आत गेली की मी ती उचलून पुन्हा बरोब्बर दिव्याखाली आणून ठेवत असे, प्रत्येक वेळी, आणि मला वाटायचं की या घरात माझ्या बाजूनं मी एकटीच आहे.