न्यिबोलचे पहिले दोन गुण

टुवूम्बा, क्वीन्सलँड
२० नोव्हेंबर

चि. न्यिबोल हिला मावुतमामाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझा फोन आला की तुझी आई तो माझ्या हातातून असा ओढून घेते, जणू मी तो चोरलाय. म्हणून पत्र लिहितोय. कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत लिहायला बसलोय, तेव्हा कागदाला मांसाचा वास आला तर समजून घे.

रविवारी चर्चच्या हॉलमध्ये मोठ्या पडद्यावर तुमच्या कॉलेजचा बास्केटबॉलचा सामना लावला होता. पाद्रीबाबांनी त्यासाठी प्रवचन आवरतं घेतलं, एवढ्यावरच निम्मी मंडळी तुझी ऋणी झाली. ताईने पहाटे उठून पातेलंभर ज्वारीचा अकोप शिजवला होता. सगळे दूध घालून खात बसले आणि सामना सुरू झाला. तू बाकावर होतीस. सामना संपला तेव्हाही तू बाकावरच होतीस.

पण वाया काही गेलं नाही हो! कॅमेरा तुझ्यावर आला की अख्खा हॉल आरोळ्या ठोकत होता. तू त्या सोनेरी केसांच्या मुलीला पाण्याची बाटली दिलीस, ती काय खानदानी ऐटीत दिलीस! त्या बाकावर तुझ्याइतकं ताठ कुणीच बसत नाही, यावर सगळ्यांचं एकमत झालं. फक्त ताई म्हणाली, बसायलाच पाठवायचं होतं तर अमेरिकेपर्यंत कशाला, खुर्च्या आपल्या घरीही होत्या. मी लोकांना समजावलं की मोठ्या खेळाडूला सुरुवातीला मुद्दाम लपवून ठेवतात, शत्रूला अंदाज येऊ नये म्हणून. सगळ्यांना पटलं. मलाही जवळजवळ पटलं.

काकुमाच्या निर्वासित छावणीत मी सायकलची रिम खांबाला ठोकून पोरांना हा खेळ शिकवायचो, तेव्हा तू ताईच्या पाठीवर बांधलेली असायचीस आणि सगळं बघायचीस. म्हणजे तुझा पहिला प्रशिक्षक मी. हे तू तुमच्या बाईंच्या कानावर घातलंयस ना?

माझ्यावरचा लोभ आहे तेवढाच राहू दे, पण त्या बाकावरचा थोडा कमी कर.

तुझा,
मावुतमामा

*

आयोवा, अमेरिका
९ डिसेंबर

ती. मावुतमामांना न्यिबोलचा सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. वासासकट मिळालं.

इथे इतका बर्फ पडलाय की माझे पाय कुठे संपतात आणि जमीन कुठे सुरू होते ते कळत नाही. माझ्या खोलीत ब्रीना नावाची मुलगी राहते. तिने मला सुट्टीत तिच्या घरी नेलं. तिच्या वडिलांकडे चारशे गाई आहेत. हो मामा, चारशे. आणि माणूस फाटक्या टोपीत हिंडतो. मी त्यांना गाईंची नावं विचारली तर म्हणाले, नावं नाहीत, कानात नंबर आहेत. माझा चेहरा पडलेला बघून बिचारे ओशाळले. मग मी सांगितलं की आम्हा दिंका लोकांमध्ये प्रत्येक बैलाला रंगावरून नाव असतं आणि त्याच्यावर गाणंही रचतात. ते म्हणाले, मग एकाचं नाव तूच ठेव. एक गोऱ्हा शहामृगासारखा काळापांढरा होता, म्हणून त्याचं नाव मावुत ठेवलं. रागवू नका, तुमचं नावही अशाच बैलावरून ठेवलेलं आहे. तोही जेवताना कुणाचं ऐकत नाही.

एक जानेवारीला मुली माझ्यासाठी केक आणणार आहेत, कारण माझ्या कागदांवर तीच जन्मतारीख आहे. छावणीत जन्मलेल्या आम्हा सगळ्यांना साहेबांनी तोच दिवस वाटून दिलाय, हे मी सांगणार होते. पण केक चॉकलेटचा आहे असं कळलं, म्हणून गप्प बसले.

आता खरं सांगते. मला लपवून वगैरे कुणी ठेवलेलं नाही. ओल्सनबाई म्हणतात की माझ्याकडे उंची आहे, वेग आहे, पण चेंडू हातात आला की मी कुणाची तरी परवानगी मागितल्यासारखी इकडेतिकडे बघते. आणि तेवढ्यात तो कुणीतरी काढून घेतं. त्यांचं बरोबर आहे. एवढं सगळं फुकट मिळालंय, त्यात चूक कशी करायची, असंच मला वाटत राहतं. वर्ष संपलं की माझी शिष्यवृत्ती चालू ठेवायची की नाही ते बाई ठरवणार. म्हणून विनंती, थोडे दिवस हॉल भरवू नका. आईला यातलं काही सांगू नका.

तिला माझा नमस्कार सांगा आणि माझी आठवण काढत राहा, फार मोठ्याने नको.

तुमची,
न्यिबोल

*

आयोवा
१९ जानेवारी

ती. मावुतमामांना सा. न.

फोन उचलत नाही, माफ करा. तुम्ही पाहिलंच असेल. तरी मी माझ्या हाताने लिहून टाकते, म्हणजे मला ते पुन्हा कुणाला सांगावं लागणार नाही.

उत्तरार्धात आमच्या दोन मुली जायबंदी झाल्या. बाईंनी बाकावर नजर फिरवली, आणि फिरवता फिरवता बाक संपला. उरले मी. मला आत ढकललं. मध्यरेषेच्या अलीकडे चेंडू सुटा पडला होता. मी झडप घातली आणि या खेपेला ठरवलं, कुणाची परवानगी मागायची नाही. सुटले. मागे कुणी धावत नव्हतं. मला वाटलं, वा, काय वेग आहे आपला! आमच्या मुली जिवाच्या आकांताने माझं नाव ओरडत होत्या. मला वाटलं, किती माया करतात! समोरच्या संघाची एक मुलगी तर चक्क बाजूला झाली आणि मला वाट करून दिली. मी उडी मारून इतका सुंदर टाकला मामा, कडेला स्पर्शसुद्धा न होता जाळीतून खाली.

मध्यंतरानंतर बाजू बदलतात. पूर्वार्धभर मी बाकावर बसून ज्या बास्केटकडे डोळे लावले होते, ती आता आमची नव्हती.

माझ्या कॉलेजच्या आयुष्यातले पहिले दोन गुण, तेही समोरच्यांच्या खात्यात. आम्ही एका गुणाने हरलो. बाई मला काहीच बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

मला घरी यायचंय. तुमच्या कारखान्यात जागा आहे का, विचारून ठेवाल? खांद्यांवर उचलायचं काम असेल तर मला जमेल.

तुमची,
न्यि.

*

टुवूम्बा
३ फेब्रुवारी

चि. न्यिबोलला अ. आ.

तू हॉल भरवू नको म्हणालीस, म्हणून मी कुणालाच बोलावलं नव्हतं. सगळे आपणहून आले.

तू उठलीस तेव्हाच खुर्च्या पडायला लागल्या. तू धावलीस, आणि चेंडू आत गेला, तेव्हा काय झालं ते ऐक. बायकांनी आरोळ्या ठोकल्या, म्हातारे उड्या मारायला लागले, अकोपचं पातेलं कलंडलं. त्या गर्दीत बास्केट कुणाची हे कळलेला मी एकटा. मी दोन्ही हात वर करून थांबा, थांबा असं हलवत होतो. लोकांना वाटलं, मामाने नाचाची नवी चाल काढली. सगळे तसेच हात हलवायला लागले. आता गेल्या शनिवारच्या लग्नातही तीच चाल चालली. 

नंतर त्यांना समजावून सांगितलं.  मग आपल्या पाद्रीबाबांनी विचारलं की चेंडू आत तर गेला ना? मी म्हटलं, गेला. ते म्हणाले, मग बाकीचं तपशिलाचं आहे.

कारखान्यात विचारलं. साहेब म्हणाला, सहा फूट दोन इंचांची मुलगी मांस टांगायच्या आकड्यांना आदळेल. तेव्हा तो विषय संपला.

ताईला सगळं कळलंय. मी सांगितलं नाही, तिने माझा चेहरा वाचला. तिचा कागद सोबत आहे. त्यात ती माझ्याबद्दल जे लिहील त्यावर विश्वास ठेवू नकोस. माझ्यावर ठेव.

मावुतमामा

*

(सोबतचा कागद)

चि. न्यिबोलला आईचे आशीर्वाद.

मोठ्यांच्या वर्गात लिहायला शिकले त्यानंतर हे माझं पहिलं मोठं पत्र. चुका दिसल्या तर पाटी नाही, पेन आहे, पुसता येत नाही एवढं लक्षात घे.

तुझा मामा सगळीकडे सांगतो की लढाईत गाव जळलं तेव्हा त्याने मला वाचवलं. आता खरं ऐक. मी तुझ्यापेक्षा लहान होते. सगळे पूर्वेकडे पळत होते. धुरात मला आमची तांबडी गाय पुढे दिसली, म्हणून मी तिच्या मागे पळाले. माणसं ओरडत होती. मला वाटलं, घाई कर म्हणतात. उजाडलं तेव्हा कळलं की मी एकटी पश्चिमेला आलेय, आणि गायही आमची नाही. तिचं एक शिंग मोडकं होतं. मी नदीकाठी बसून त्या गाईला शिव्या दिल्या. इतक्या दिल्या की वरच्या झाडावरून कुणीतरी हसलं. तो मावुत होता. चिंचा खात बसला होता. पळापळीत तो दिसेना म्हणून घरच्यांनी त्याला मेलेला धरलं होतं. तोंड आंबट करून त्याने मला विचारलं की एवढा उशीर का केलास.

मी बरोबर दिशेला पळाले असते तर तो अजून त्या झाडावर असता. कधी कधी मला वाटतं, असता तर बरं होतं. पण कधी कधीच.

तू परत यायचं तर ये. घर तुझंच आहे. पण लाजेने येऊ नकोस, भूक लागली म्हणून ये. तुमच्या बाईंना सांग की माझी मुलगी पळते तेव्हा कशी दिसते ते आम्ही पाहिलं. आम्हाला दिशेचं काही वाटलं नाही.

जेवत जा.

तुझी आई, अयाक

*

आयोवा
२६ फेब्रुवारी

ती. आईला आणि ती. मामांना, दोघांनाही एकत्र, भांडू नका, सा. न. वि. वि.

आईचं पत्र ब्रीनाला वाचून दाखवलं. चिंचेपाशी आल्यावर मला हसू आवरेना आणि तिला रडू. मग मी सामान पिशवीतून बाहेर काढलं.

गेल्या शनिवारी आम्हाला त्याच संघाच्या मैदानावर खेळायचं होतं. आत पाऊल टाकलं तर त्यांच्या प्रेक्षकांनी भलामोठा फलक धरलेला: आमची लाडकी चौतीस नंबर, तुझं स्वागत असो! चौतीस माझा नंबर. मी हात गरम करायला चेंडू घेतला तरी टाळ्या. मी बुटाची नाडी बांधली तरी टाळ्या. एक पांढऱ्या मिशांचे आजोबा ढोल घेऊन आले होते, ते मला बघून उभे राहून वाजवायला लागले.

बाईंनी मला उत्तरार्धात उतरवलं. मी आत गेले आणि ते सगळे, हजारभर माणसं, उठून उभे राहिले आणि हात लांब करून मला चुकीची बास्केट दाखवायला लागले. अगदी मदतीच्या भावाने. लहान पोरंसुद्धा. मला इतकं हसू आलं की पोटात कळ आली. मला अडवायला उभी असलेली मुलगीही हसायला लागली. पंचांनी शिट्टी तोंडात धरून मान वळवली.

आणि मामा, मग एकदम सगळं सोपं झालं. जे व्हायचं ते सगळ्यांदेखत होऊन गेलं होतं. आता भ्यायचं कशाला? चेंडू आला की मी निघायचे. त्यांनी एक बास्केट दाखवायची, मी दुसरीत टाकायचा. पहिल्या दोन वेळा टाळ्या पडल्या. मग टाळ्या कमी होत गेल्या. चौदा गुण झाले तेव्हा कुणी काही दाखवेना. आम्ही जिंकलो.

शेवटी ढोलवाले आजोबा खाली उतरून आले. माझा हात हातात घेऊन म्हणाले की मुली, तू आम्हाला फार आवडायचीस, आता मात्र इकडे येऊ नकोस.

बसमध्ये ओल्सनबाई माझ्या शेजारी येऊन बसल्या. म्हणाल्या की शिष्यवृत्ती चालू राहील आणि पुढच्या वर्षी पहिल्या पाचांत तू. मी विचारलं, त्या दोन गुणांचं काय? त्या म्हणाल्या की त्या दिवशी त्या रागाने गप्प नव्हत्या. तोंड उघडलं असतं तर हसू फुटलं असतं, आणि हरलेल्या संघासमोर ते बरं दिसत नाही.

मे महिन्यात येतेय. तिकीट काढलं. अकोप हवा, दूध घालून, आणि पातेलं सरळ ठेवा.

तुमची,
न्यिबोल

*

टुवूम्बा
१४ मार्च

चि. न्यिबोलला आईचे खूप आशीर्वाद.

पत्र मिळालं. मावुतने ते चर्चमध्ये वाचलं, बाजारात वाचलं आणि दवाखान्यात डॉक्टरलाही वाचून दाखवलं, गेला होता स्वतःच्या खोकल्यासाठी. चौदाचे आता तीस झालेत. 

तुझ्यासाठी तयारी जोरात आहे. विमानतळावर दोन बसगाड्या येणार. गाणारे येणार, भाषणं होणार. नंतर हॉलमध्ये जेवण. नंतर मामा तुला पोरांसमोर उभी करून म्हणणार की हिला मी घडवली. प्रत्येक घरी तुला जेवायला जावं लागेल आणि प्रत्येक घरी तू किती वाळलीस हे ऐकावं लागेल. मला तू दिसशील ती लोकांच्या डोक्यांवरून. तू उंच आहेस म्हणून दिसशील तरी.

तू शुक्रवारी पोचतेस. मी सगळ्यांना शनिवार सांगितलाय. शुक्रवारी मी एकटी येईन, शेजारणीची गाडी घेऊन. मग घरी जाऊ, दार लावू. तू जेव, झोप, पुन्हा जेव. मी बाजूला बसून राहीन. शनिवारी सकाळी तुला परत विमानतळावर सोडते, म्हणजे तू सगळ्यांसमोर नीट येशील.

मावुतलाही शनिवारच माहीत आहे. हे पत्र वाचून झालं की फाड.

माया आहेच, ती इथे भरून ठेवलीय, मोकळे हात घेऊन ये.

तुझी,
आई