पाण्याकडची दिशा

१२ फेब्रुवारी, सकाळ

प्रिय वहिनी,

पाकीट बघून हसशील. मोबाइलचे अँटेना बनवणारी बाई हाताने पत्र लिहितेय! पण हे फोनवर बोलायचा मला धीर नाही, आणि फोनवर कोण ऐकतंय याचीही आता खात्री वाटत नाही. तुझी पाठ कशी आहे? शेजारच्या काकू म्हणाल्या, तू हल्ली रोज तलावावर जातेस. परवा तर कंबरेपर्यंत आत गेली होतीस म्हणे.

दादा होडीतून गेला त्याला दोन वर्षं झाली. तो सापडला नाही, त्याच्या खिशातला फोनही नाही. तरी त्याचा फोन येतो, "ये" म्हणतो, असं तू सांगायचीस. तुला वेड्यात काढणाऱ्यांत मी कधीच नव्हते, कारण आमच्या टॉवरलाही तलावाच्या मधोमध एक फोन सापडत होता. साहेब वैतागले. "पाण्यात कोण गिऱ्हाईक बसलंय? ती दिशाच बंद करून टाका."

काम माझ्याकडेच आलं. एका पट्टीवर तांब्याचे चौकोन ओळीने बसवायचे आणि प्रत्येकाला जाणारी तांब्याची रेघ केसभर लांब-आखूड करायची, एवढंच. मग सगळ्यांच्या लहरी एका दिशेला मिळून जोर धरतात आणि दुसऱ्या एका दिशेला एकमेकींना खाऊन टाकतात. त्या दिशेला टॉवर ठार बहिरा.

बंद करण्याआधी एकदा, चाचणीच्या निमित्ताने, मी सगळा जोर पाण्याकडे वळवला. माझा फोन वाजला. आवाज दादाचाच, घसा खाकरण्यासकट. त्याने मला हाक मारली ती शाळेच्या दाखल्यावरच्या पूर्ण नावाने. वहिनी, तुला ठाऊकच आहे. लहानपणी मी दारामागे उभी राहून सगळ्यांचं बोलणं ऐकायचे म्हणून दादाने मला 'अँटेना' म्हणायला सुरुवात केली, ती जन्मभर. दुसरी हाक त्याने मला कधी मारलीच नाही. तो दादा नव्हता. दुसरंच काहीतरी तुला पाण्यात बोलावत होतं.

म्हणून तुला न विचारता मी ती दिशा बंद केली. नवा अँटेना कालच टॉवरवर बसवला. तुझा फोन आता वाजणार नाही. माझ्यावर रागाव, हव्या तेवढ्या शिव्या दे, पण पाण्यापासून लांब राहा गं. दादा गेला, तू गेलेली मला सोसणार नाही.

एक सांगायचं राहिलं. लहरी एकीकडे दाबल्या की दुसरीकडे वर येतात, गादीतल्या कापसासारख्या. कुणाच्या तरी घराकडे तो फुगवटा येणारच होता. मी तो माझ्या खिडकीकडे येऊ दिला.

आज चहाचं आधण ठेवलं आणि फोन वाजला. आधी नुसतं पाणी. मग दमलेल्या आवाजात तो म्हणाला, "अँटेना, दार का लावलंस गं?"

हे नाव आपल्या तिघांशिवाय कुणाला ठाऊक नाही. फोनवर बोलता बोलता तूच त्या आवाजाला ते सांगितलं होतंस ना? सांगितलंच असशील. उलट टपाली तेवढंच लिही, हो म्हणून. नाही असेल तरी हो लिही.

फोन परत वाजतोय.

अजून दारामागेच उभी असलेली,
तुझी नणंद