स्टिअरिंगचा पंप वगळला, त्याची हकीकत

तीर्थरूप काकांस,

वाकून नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का, की अजून खालच्याच खोलीत मुक्काम आहे? काकूंचा खोकला थांबला असेल. नसेल तर तुम्ही सांगितलेलं औषध त्यांनी घेतलं असणार. आम्ही सगळे मजेत आहोत.

मी ट्रक विकला असं तुमच्या कानावर आलं असेल तर ते साफ खोटं आहे. ट्रक फाटकात आडवा उभा होता एवढंच खरं, आणि तेही जेमतेम पाच मिनिटं. झालं असं, की मंगळवारी शाळेचे साठ बाक पोचवायचे होते. दुसऱ्या दिवशी परीक्षा. मोठ्या बाईंनी (आवाज आपल्या हॉर्नपेक्षा वरचा) बजावलं होतं, चारपर्यंत बाक आले नाहीत तर मुलं जमिनीवर बसून पेपर लिहितील आणि शाळा कायमचा दुसरा ट्रक बघेल. शाळेचं काम गेलं तर आपल्या म्हाताऱ्या ट्रकला दुसरं कोण विचारतंय? बाक भरले, किल्ली फिरवली, आणि पुढून अशी किंकाळी आली की शेजारच्या न्हाव्याचा वस्तरा गिऱ्हाइकाच्या गालावरच थबकला. बॉनेट उघडतो तर बेल्टच्या चिंध्या! पॉवर स्टिअरिंगचा पंप जाम, त्याची पुली हाताने तसूभर हलेना. एकच बेल्ट डायनामो, पाण्याचा पंप आणि हा पंप असे तिघांना फिरवतो, त्यामुळे एक रुसला की तिघेही बसले.

मी जागच्या जागी निर्णय घेतला (तुम्हीही हाच घेतला असता, नाही म्हणू नका). रुसणाऱ्याला वगळायचं आणि आखूड बेल्ट टाकायचा. सुट्या भागांच्या दुकानातल्या आजोबांनी विचारलं, "पाण्याचा पंप कुठल्या बाजूने फिरतो ते बघितलंत का?" मी म्हटलं, "आजोबा, माझे काका पस्तीस वर्षं गॅरेजात होते." (तुमचा उल्लेख न विचारता केला, माफी असावी.) बेल्ट चढवला, गाडी मांजरासारखी गुरगुरली, आणि दोन किलोमीटरवर इंजिनच्या तापमानाचा काटा लाल रेघेला भिडला. जुना बेल्ट पाण्याच्या पंपाला पाठीने, म्हणजे बाहेरच्या बाजूने फिरवायचा, मी पोटाने, म्हणजे आतल्या बाजूने लावला होता. पंप अगदी मनापासून उलटा फिरत होता! रस्त्याकडेला उभा राहून बेल्टचा वेढा बदलला, ढील होती ती ताणाच्या पुलीने ओढून घेतली, दोन बोटं भाजली, काटा खाली आला. हे मात्र कोणाला न विचारता जमवलं, याची नोंद घ्यावी.

राहता राहिलं स्टिअरिंग. सरळ रस्त्यावर काही वाटत नाही, वळणावर मात्र चाक असं अडून बसतं की जणू खांबच उपटायचा आहे. शाळेच्या फाटकाशी बाई हात वर करून उभ्या होत्या. मीही हात वर केला आणि सरळ पुढे निघून गेलो, कारण चाक वळलंच नाही. गावाला मोठा वळसा घालून परत आलो. पुन्हा तेच. बाईंचा हात अजून वरच होता, चेहरा मात्र बदलला होता. तिसऱ्या खेपेला बाक मोजायला सोबत आलेली ही माझ्या बाजूला सरकली आणि चाकाला लटकली. "तू ओढ, मी ढकलतो!" म्हणत आम्ही अर्धं वळलो आणि फाटकात आडवे अडकलो. चौकातला हवालदार शिटी फुंकत पायरीवर चढला. "काय भांडण असेल ते घरी जाऊन करा!"

ही म्हणाली, "भांडण नंतर, साहेब. आधी चाक ओढा."

त्यांनी ओढलं. चारला दहा मिनिटं असताना ट्रक आत! बाईंनी स्वतः येऊन पहिल्या बाकाला हात लावला.

तात्पर्य, पंपावाचून उत्तम चालतं आणि मी ते तसंच ठेवणार आहे. मदतीची बिलकुल गरज नाही. काकूंना नमस्कार.

तुमचा पुतण्या

ता. क. त्या दिवशी निघण्याआधी तुम्ही फोनवर पंपाच्या टाकीतलं तेल बघ म्हणाला होतात. आज बघितलं. टाकी कोरडी ठणठणीत आहे.

ता. क. दुसरा: काका, मजकूर ह्यांचा, अक्षर माझं. ह्यांचे दोन्ही हात खांद्याच्या वर जात नाहीत, परवापासून घास मी भरवते आहे. शुक्रवारी तेच साठ बाक परत न्यायचे आहेत. तुमच्या ओळखीने एक पंप मिळवा, घेऊन या आणि बसवून द्या. फक्त सहज आल्यासारखं या, मी बोलावलं असं कळता कामा नये. हे आत्ता मागे उभे राहून वाचायला बघताहेत, पण चष्मा लावायला हात वर जात नाही.

तुमची सूनबाई